वाशीत चार दिवस कोर्टच्या जाळीला लागून

मुग्धा_ऐरोली

नमस्कार मंडळी. इथे मी सात-आठ वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. टेनिसवरचे आपले धागे बहुतेक विम्बल्डनच्या पंधरवड्यात निघतात आणि टीव्हीसमोर बसून लिहिलेले असतात. मला सांगायचंय ते घरापासून अर्ध्या तासावर, वाशीत, जाळीला लागून बसून बघितलेल्या टेनिसबद्दल.

माझी लेक तेरा वर्षांची. आठव्या वर्षापासून खेळते, सध्या अंडर १४ च्या स्पर्धा चालू आहेत. तिच्या सरांनीच सांगितलं, "ताई, वाशीला आयटीएफची महिलांची स्पर्धा आहे. आठवडाभर प्रॅक्टिस बुडाली तरी चालेल, तिला तिकडे घेऊन जा. आणि तिला सांगा, मॅच बघू नकोस, एक प्लेअर बघ." या शेवटच्या वाक्याचा अर्थ मला बुधवारी कळला. ते पुढे सांगते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: आयटीएफ म्हणजे आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघ. त्यांच्या महिलांच्या स्पर्धांना डब्ल्यू १५, डब्ल्यू ३५, डब्ल्यू ५० अशी नावं असतात. तो आकडा म्हणजे एकेरी जिंकणाऱ्या मुलीला मिळणारे रँकिंग पॉइंट. ग्रँड स्लॅम जिंकणारीला २००० मिळतात, वाशीत आठवडाभर एकही सामना न हरता ३५. या मुली गावोगाव, देशोदेशी फिरतात ते त्या ३५ साठी. बऱ्याच जणी एकट्याच आलेल्या असतात. कोच परवडत नाही म्हणून दोघी-तिघींत मिळून एक कोच, हेही आम्ही तिथे बघितलं.

आम्ही क्वालिफाइंगचे (मुख्य स्पर्धेत जागा मिळवायच्या सामन्यांचे) दोन दिवस, मग बुधवार आणि शुक्रवार असे चार दिवस गेलो. ऐरोलीहून ठाणे-वाशी लोकल, पुढे रिक्षा. शाळेला चिठ्ठी दिली होती.

पहिल्या दिवशी आत पाऊल टाकलं आणि सगळ्यात आधी जाणवला तो आवाज. चेंडू रॅकेटच्या मधोमध बसला की एक भरीव, बंद आवाज येतो, आणि किंचित कडेला लागला की तो लगेच फाटतो. अर्ध्या तासात माझी लेक डोळे मिटून सांगायला लागली, "हा नीट बसला, हा उशिरा लागला." पाच वर्षं तिला कोर्टवर सोडते-आणते, पण मी आजवर टेनिस कानांनी बघितलंच नव्हतं.

दुसरी गोष्ट, जाळीची उंची. टीव्हीचा कॅमेरा वर आणि मागे असतो, त्यामुळे चेंडू जाळीला घासून सरळ रेषेत गेल्यासारखा वाटतो. जाळी मधोमध ०.९१ मीटर उंच असते. आम्ही बाजूला, बरोबर जाळीच्या रेषेत बसलो होतो. तिथून दिसतं की रॅलीतला साधा फोरहँड जाळीच्या वरून चांगला हातभर, कधी कधी मीटरभर उंच जातो आणि मग टॉपस्पिनमुळे, म्हणजे चेंडूला दिलेल्या पुढच्या फिरकीमुळे, झपकन खाली येतो. सर दोन वर्षं कानीकपाळी ओरडतायत, "जाळीवरून उंच काढ, उंच काढ." लेकीने एक रॅली बघितली आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "आई, सर हेच सांगत होते."

तिसरी गोष्ट पाय. हाताकडे बघायचंच नाही असं आम्ही सोमवारी ठरवलं होतं. समोरची मुलगी चेंडू मारायच्या क्षणी इकडची एक छोटी उडी मारून दोन्ही पायांवर उतरते, आणि उतरता उतरताच कुठल्या बाजूला जायचं ते पाय ठरवतात. याला स्प्लिट स्टेप म्हणतात हे आम्हाला ठाऊक होतं. पण ती प्रत्येक चेंडूला, अगदी प्रत्येक, अडीच तास न चुकता मारायची असते, हे जवळून बघितल्याशिवाय पटत नाही. थकलेल्या मुलीची पहिली खूण हीच. हात तसाच चालतो, ती उडी मात्र जमिनीला चिकटते. त्यानंतर दोन-तीन गेममध्ये सर्व्हिस ब्रेक होते, म्हणजे स्वतःच्या सर्व्हिसचा गेम ती हरते. आम्ही दोघींनी हे तीन सामन्यांत पडताळून बघितलं.

आता बुधवार. सरांच्या सांगण्याप्रमाणे आम्ही एका जपानी मुलीला धरलं. तिसऱ्या कोर्टवर सामना होता, बघायला आम्ही धरून नऊ-दहा जण. चेंडू पलीकडे गेला तरी मान वळवायची नाही, नजर तिच्यावरच. पॉइंट संपला की ती पाठ फिरवायची, मागच्या जाळीपर्यंत चालत जायची, चालताना रॅकेटच्या सरकलेल्या तारा बोटांनी सरळ करायची. मग टॉवेल. मग बेसलाइनवर येऊन चेंडूचे चार टप्पे, टॉस, सर्व्ह. पॉइंट जिंकला तरी हेच, हरला तरी हेच. दोन पॉइंटच्या मध्ये २५ सेकंद मिळतात. त्या २५ सेकंदांत ही मुलगी काय करते तेच खरं बघण्यासारखं होतं. चेंडू हवेत असतो तो वेळ सामन्यात फारच थोडा असतो. उरलेल्या वेळात ती एकटी असते, आणि तो वेळ टीव्ही रिप्लेमध्ये घालवतो.

लेक टप्पे मोजत होती. तिसऱ्या सेटमध्ये ४-५ अशी मागे असताना ही सर्व्हिसला आली, आणि एका पॉइंटला चारऐवजी सात टप्पे झाले. लेक माझा हात दाबून म्हणाली, "आई, सात." डबल फॉल्ट झाली, म्हणजे दोन्ही सर्व्हिस चुकल्या आणि पॉइंट गेला.

तिचा कोच आमच्यापासून दहा फुटांवर प्लास्टिकच्या खुर्चीत बसला होता. पन्नाशीचा माणूस, डोक्यावर टोपी, मांडीवर छोटी वही. दोन तास त्याने टाळ्यांशिवाय काही केलं नव्हतं. आता बाहेरून कोचिंग चालतं. आयटीएफने १ जानेवारी २०२५ पासून ते नियमातच घातलंय. मला वाटलं, आता हा माणूस उठून भराभर सांगणार, सर्व्ह इकडे टाक, पुढे ये, मागे जा. ती टॉवेल घ्यायला त्याच्या बाजूला आली तेव्हा त्याने तळवा खाली करून हवेत जरासा दाबला आणि एकच शब्द बोलला, "युक्कुरी." बस. ती परत गेली. चार टप्पे.

शुक्रवारी लेकीने धीर करून त्यांना त्या शब्दाचा अर्थ विचारला. त्यांनी मोडक्या इंग्रजीत सांगितलं: सावकाश.

शुक्रवारी आम्ही आठच्या आधी पोचलो, कारण सकाळी प्रॅक्टिस कोर्ट चालू असतात. मला विचाराल तर सामन्यांपेक्षा जास्त शिकायला मिळालं ते तिथे. वाशीतली ती सकाळ, कोर्टवर अजून दव, एक पोरगा वायपरने ते काढतोय. तीच जपानी मुलगी, तेच कोच, आणि चेंडूंची बास्केट. फक्त सेकंड सर्व्ह. सर्व्हिस बॉक्सच्या कोपऱ्यात एक कोन ठेवलेला, पण कोच कोनकडे बघतच नव्हते. ते तिच्या मागे उभे राहून टप्पे मोजत होते. एकदा तिने तीनच टप्पे टाकून टॉस केला. कोचने हात वर केला. तिने चेंडू मारला नाही, खाली येऊ दिला, पकडला, आणि पुन्हा पहिल्यापासून. सत्तर-ऐंशी चेंडू असे झाले. कोणी कोणाशी बोललं नाही. मग दोघांनी मिळून चेंडू गोळा केले, आणि बास्केट पुन्हा भरली.

हे सगळं लिहिण्याचं खरं कारण आता सांगते. मुलांच्या स्पर्धांत मी बाहेरून बोलते. अंपायर मनाई करतात तेव्हा हातवारे करते. लेक पॉइंट हरली की आधी माझ्याकडे बघते, आणि मला इतकी वर्षं वाटत होतं की तिला माझा आधार लागतो म्हणून ती बघते. त्या चार दिवसांत एकाही मुलीने पॉइंट हरल्यावर आधी कोचकडे बघितलेलं मी पाहिलं नाही. त्या आधी रॅकेटच्या तारांकडे बघतात. माझ्या लेकीचे ते २५ सेकंद मी खात होते, हे मला वाशीत बसून कळलं.

तुमच्यापैकी कोणी असं जवळून टेनिस बघितलंय का? कोच मंडळी असतील तर त्यांनी जरूर लिहावं.


कोपरीकर

सुंदर लिहिलंय ताई. ठाण्यात राहून या स्पर्धेचा पत्ता नव्हता, याचं फार वाईट वाटलं. तिकीट किती होतं?


मुग्धा_ऐरोली

तिकीट नव्हतंच. गेटवर वहीत नाव-नंबर लिहून घेतला आणि सोडलं. स्पर्धा कुठे, कधी हे आयटीएफच्या वेबसाइटवर कॅलेंडरमध्ये आधीपासून असतं. रोज संध्याकाळी दुसऱ्या दिवशीचं ऑर्डर ऑफ प्ले (कुठल्या कोर्टवर कोणाचा सामना) लागतं, ते बघून निघायचं. पाणी, टोपी आणि घामाचा रुमाल न्या. डिसेंबरातही अकरानंतर ऊन चटका देतं.


चर्चगेट_फास्ट

वाचून २०१७ आठवलं. सीसीआयला, म्हणजे क्रिकेट क्लब ऑफ इंडियाला, मुंबई ओपन होती, महिलांच्या डब्ल्यूटीए टूरची १२५ दर्जाची. ऑफिसातून लवकर सुटून मी आणि एक मित्र सहज म्हणून गेलो होतो. एक उंच, बेलारूसची, १९ वर्षांची मुलगी खेळत होती. आम्हाला नाव नीट उच्चारता येईना. तिच्या फोरहँडचा आवाज ऐकून आमच्या मागच्या रांगेतले काका बोलायचे थांबले. ती अरीना साबालेंका. ती स्पर्धा तिने जिंकली, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये ती जगात पहिल्या क्रमांकावर गेली. तेव्हा मी वीस पावलांवर बसलो होतो, हे मी आजही लोकांना सांगतो.

२०२५ च्या मुंबई ओपनलाही गेलो होतो. कोइंबतूरची माया राजेश्वरन, वय १५, क्वालिफाइंगमधून आली आणि थेट सेमीफायनलपर्यंत पोचली. मुग्धाताई, लेकीला पुढच्या वेळी तिकडे न्याच. स्वतःपेक्षा दोन वर्षांनी मोठी मुलगी समोर खेळताना दिसली की पोरींना कळतं की हे अंतर कापता येण्यासारखं आहे.


जुना_लाइनमन

धागा आवडला. मी ठाण्याचा. नोकरी सांभाळून बरीच वर्षं स्पर्धांना लाइन अंपायर म्हणून उभा राहिलो आहे. बघणाऱ्यांसाठी माझ्या बाजूने थोडं.

लोकांना वाटतं आम्ही चेंडू बघतो. आम्ही चेंडू बघत नाही. चेंडू आपल्या रेषेकडे येतोय असं दिसलं की नजर त्याच्या आधी रेषेवर नेऊन ठेवायची आणि तिथे गोठवायची. चेंडूच्या मागे डोळे फिरले की टप्पा पडतो त्या क्षणी चित्र हलतं, आणि निर्णय चुकतो. आधी आवाज, मग हात. आउट असेल तर बाजूला हात ताठ. आत असेल आणि जवळचा असेल तर दोन्ही तळवे खाली, तोंडातून अक्षर नाही. आडवं कोणी आलं आणि दिसलंच नाही तर दोन्ही हात डोळ्यांवर धरायचे, म्हणजे चेअर अंपायर समजतो.

यासाठी पाय बधिर होईस्तोवर उभं राहावं लागतं. एकदा रणरणत्या दुपारी तिसऱ्या सेटमध्ये बेसलाइनवर माझ्या हातून एक चुकीचा कॉल गेला. चेअरने बदलला, पॉइंट पुन्हा खेळवला. खेळाडू काही बोलली नाही, नुसती माझ्याकडे बघून परत गेली. ती नजर मला अजून आठवते.

२०२५ पासून विम्बल्डनमध्येही लाइन अंपायर उरलेले नाहीत, सगळं कॅमेऱ्यांवर. निर्णय अधिक अचूक होतात हे मान्यच आहे. पण रेषेवर उभा असलेला माणूस आणि त्याचा आवाज ज्यांना ऐकायचाय त्यांनी आत्ताच छोट्या स्पर्धांना जावं. आणि एक सूचना: थोडा वेळ बेसलाइनच्या सरळ रेषेत बसा. चेंडू रेषेच्या किती जवळ पडतात ते तिथूनच कळतं.


पाचपाखाडी

लेख उत्तम. पण एका मुद्द्यावर माझं मत वेगळं आहे, ते मोकळेपणाने मांडतो.

बाहेरून कोचिंगला परवानगी द्यायला नको होती. टेनिस हा एकट्याचा खेळ होता आणि तीच त्याची शान होती. क्रिकेटमध्ये कर्णधार, बारावा खेळाडू, ड्रेसिंग रूम, सगळं असतं. कुस्तीत वस्ताद कडेला असतो. इथे मात्र एकदा कोर्टवर उतरलं की आई-बाप, गुरू, सगळे बाहेर. अडचण आली तर तुझं तू बघ. २०१८ च्या यूएस ओपनच्या फायनलला सेरेना विल्यम्सला पहिली ताकीद मिळाली ती कोचिंगसाठीच. तिचं म्हणणं होतं की मी तिकडे बघितलंच नाही. कोच मोराटोग्लूंनी नंतर टीव्हीवर कबूल केलं की मी खूण करत होतो. पुढे रॅकेट आपटली, पुढे अंपायरशी वाद, एक पॉइंट गेला, एक गेम गेला, आणि नाओमी ओसाकाला पहिलं ग्रँड स्लॅम भर प्रेक्षकांच्या गोंगाटात, रडत घ्यावं लागलं. त्यावर उपाय काय काढला, तर नियमच सैल केला. जुलै २०२२ मध्ये पुरुषांच्या टूरने, एटीपीने, प्रयोग सुरू केला आणि आता तो कायम झाला.

तुमच्या त्या कोचने एक शब्द सांगितला हे खरं. पण तो शब्दसुद्धा तिचा तिला सापडायला हवा होता, असं मला वाटतं.


मुग्धा_ऐरोली

पाचपाखाडी, तुमचं म्हणणं मनाला लागलं. रात्री बराच वेळ त्यावर विचार केला.

मला तिथे दिसलं ते असं. वाशीत निम्म्याहून जास्त मुलींच्या बाजूची खुर्ची रिकामी होती. ज्यांना कोच परवडतो त्यांना शब्द मिळतो, बाकीच्यांना नाही. तुमचा मुद्दा मला या बाजूने जास्त पटतो. क्वालिफाइंगमध्ये आपल्याकडचीच एक मुलगी होती, बरोबर कोणी नाही. सामना संपल्यावर स्वतःच बॅग उचलून, रॅकेट गटिंगला (तारा बदलायला) टाकून, रिक्षा शोधत गेटवर उभी होती. तिच्या समोरच्या मुलीच्या मागे कोच आणि वडील दोघं बसले होते. सामना सरळ दोन सेटमध्ये गेला. कोचिंगमुळेच गेला असं मी म्हणणार नाही. पण चेंजओव्हरच्या ९० सेकंदांत ती मुलगी खुर्चीत बसून समोरच्या रिकाम्या कोर्टकडे बघत होती, ते माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.


बास्केटभर_चेंडू

मी कोच आहे, ठाण्यात मुलांना शिकवतो, वीस वर्षं होतील. नेहमी नुसता वाचतो, पण या धाग्यावर लिहावंसं वाटलं.

पाचपाखाडी साहेब, नियम नव्हता तेव्हाही कोचिंग होतंच. टोपी काढली की अमुक, हाताची घडी घातली की तमुक, अशा खुणा सगळ्यांकडे होत्या. नियमाने ते उघड्यावर आलं. पण यामुळे खेळाडू जिंकतो असं समजू नका. सामना चालू असताना नवीन काही शिकवता येत नाही. पॉइंटच्या मधल्या २५ सेकंदांत खेळाडूचा श्वास वर असतो, कानात रक्त धडधडत असतं. त्याला एक गोष्ट ऐकू येते, दोन नाही. म्हणून चांगला कोच आधी ठरवून ठेवलेला शब्द वापरतो. तो शब्द त्यांनी महिनोन्महिने प्रॅक्टिसमध्ये घासलेला असतो. "युक्कुरी" हा सल्ला नव्हता, आठवण होती. मुग्धाताईंनी शुक्रवारी सकाळी जे बघितलं, तिथे त्या शब्दाची पेरणी चालली होती.

ती मुलगी तीन टप्प्यांवर थांबवली गेली, त्याबद्दल. दडपण आलं की सर्व्हिसमध्ये पहिला बिघडतो तो टॉस. टॉस बिघडतो कारण त्याच्या आधीची लय बिघडलेली असते. कोणी घाई करतं, कोणी चेंडू आपटत बसतं. तीन आणि सात, दोन्ही एकाच रोगाच्या दोन तऱ्हा. त्यामुळे कोचला कोनमध्ये रस नव्हता. सर्व्हिस कुठे पडली हे नंतरचं.

आता पालकांसाठी, कारण प्रत्येक मोठ्या स्पर्धेनंतर आमच्याकडे हीच फर्माईश येते. व्यावसायिक खेळाडू पॉलिएस्टरच्या तारा लावतात, ते बघून तेरा वर्षांच्या मुलीच्या रॅकेटला तेच गटिंग करून आणू नका. त्या तारा कडक असतात, झटका कोपराला आणि मनगटाला बसतो, आणि त्यांचा फायदा मिळायला जो वेग लागतो तो या वयात हातात नसतो. मऊ तारा लावा, ताण कमी ठेवा. माझ्याकडे बारा वर्षांची एक मुलगी कोपराच्या दुखण्याने तीन महिने बसून होती. वडिलांनी टीव्हीवर बघून तारा बदलल्या होत्या. चुकीच्या हेतूने नव्हे, हौसेनेच.

बघायला जाल तेव्हा मुलांच्या हातात मोबाईल देऊ नका. व्हिडिओ काढायला लागली की ती बघायची थांबतात. छोटी वही द्या, पेन्सिल द्या. एक गोष्ट मोजायला सांगा. मुग्धाताईंच्या लेकीने टप्पे मोजले. कोणी दुसऱ्या सर्व्हिसवर रिटर्न घेणारी किती पुढे सरकते ते मोजेल. जे मोजलं ते लक्षात राहतं.


घणसोली_सेक्टर

दोन मुलांचा बाप म्हणून विचारतो. आमच्या जवळच्या एका अकॅडमीत, नाव घेत नाही, मुलगा दीड वर्ष जातोय. तासाला बारा मुलं एका कोर्टवर. सर बाकावर बसून फोनवर बोलत असतात, सहायक मुलगा चेंडू टाकतो. फी महिन्याला भरतोच आहोत. हा धागा वाचल्यावर कळेना, आपण काय विकत घेतोय. चांगला कोच ओळखायचा कसा?


बास्केटभर_चेंडू

घणसोली, एक दिवस अर्धा तास बाहेर उभे राहा आणि एवढंच बघा: मुलाने चेंडू मारल्यावर कोचची नजर चेंडूवर जाते की मुलावर. चेंडू कुठे पडला हे मुलाला दिसतंच. तो तसा का पडला हे ज्याला बघायचंय त्याची नजर मुलावरून हलत नाही. एका कोर्टवर बारा मुलं असताना हे कोणालाच जमत नाही, कितीही चांगला कोच असो. मी स्वतः चारच्या वर घेत नाही. माझी फी त्यामुळे जास्त आहे आणि काही पालक सोडून जातात, हेही खरं.


पुण्याची_माहेरवाशीण

मी नेरुळला. टेनिसमधलं मला फार कळत नाही, भाऊ खेळायचा म्हणून जात असे. बालेवाडीला महाराष्ट्र ओपन व्हायची तेव्हा, जानेवारी २०१९ ची फायनल आम्ही घरच्या सात जणांनी बघितली. केव्हिन अँडरसन विरुद्ध इव्हो कार्लोविच. एक २.०३ मीटर उंच, दुसरा २.११. तिन्ही सेट टायब्रेकरला गेले, अँडरसन जिंकला. आम्ही बेसलाइनच्या मागे बसलो होतो. कार्लोविचची सर्व्हिस टप्पा पडून इतकी वर उसळायची की अँडरसनसारखा उंच माणूससुद्धा खांद्यावरून रॅकेट फिरवायचा. कार्लोविच तेव्हा ३९ वर्षांचा होता. माझे बाबा, वय ७०, सामना संपल्यावर उभे राहिले आणि हरलेल्या माणसासाठी बराच वेळ टाळ्या वाजवत होते.

बाबा आता नाहीत. लेख वाचून त्या दिवसाची आठवण झाली, म्हणून लिहिलं.


मुग्धा_ऐरोली

माहेरवाशीण, तुमचा प्रतिसाद लेकीला वाचून दाखवला. आम्ही दोघी थोडा वेळ गप्प बसलो.

बास्केटभर सर, तुमचे खूप आभार. "नजर चेंडूवर की मुलावर" हे मी कागदावर लिहून फ्रिजवर लावलंय. गटिंगबद्दल लिहिलंत ते बरं केलंत. लेक शुक्रवारी स्पर्धेतल्या गटिंगवाल्या दादांच्या मशीनपाशी पाऊण तास उभी होती आणि घरी येऊन तीच मागणी केली होती. ते दादा मात्र बघण्यासारखे. एका रांगेत चिठ्ठ्या लावलेल्या रॅकेट, प्रत्येक चिठ्ठीवर ताण लिहिलेला. कोणाला ५२ पाउंड, कोणाला ४८, आणि एकीने तर उभ्या तारांना एक आणि आडव्यांना एक असे दोन आकडे दिलेले. पंचवीस-तीस मिनिटांत एक रॅकेट. शेवटची गाठ मारून ते रॅकेट तळहातावर आपटून कानाजवळ धरायचे.

मागच्या रविवारी लेकीचा सामना होता, ठाण्यात. मी दुसऱ्या टोकाला, झाडाखाली बसले, जिथून ती मला बघू शकणार नाही. पहिल्या सेटमध्ये चार वेळा तिने मला शोधलं. दुसऱ्यात एकदा. हरली, ६-४, ७-५. परतीच्या लोकलमध्ये ऐरोली येईपर्यंत काही बोलली नाही, मग स्वतःहून म्हणाली, "दुसऱ्या सेटला मी टप्पे बरोबर टाकले."


कोपरीकर

ताई, सगळं वाचलं, पण एक राहिलं. ती जपानी मुलगी. ४-५ ला डबल फॉल्ट झाली, कोचने सावकाश म्हटलं, चार टप्पे. मग? जिंकली का?


मुग्धा_ऐरोली

अरे हो, ते सांगायचंच राहिलं. तो गेम तिने वाचवला, ५-५ केलं. पुढचे दोन गेम गेले. ७-५ हरली. हस्तांदोलन केलं, चेअर अंपायरचे आभार मानले, बॅग भरली, जाताना कोर्टवरची स्वतःची रिकामी बाटली आणि केळ्याचं साल उचलून नेलं.

शुक्रवारी सकाळी आम्ही तिला बघितलं ते हरल्यानंतरचं. एकेरीतून ती बाहेर पडली होती, दुपारी दुहेरीचा सामना बाकी होता. आठ वाजता कोर्टवर फक्त ती आणि कोच होते. जिंकलेल्या मुली नंतर आल्या.